दमा-सीओपीडीच्या गाइडलाइन्स फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर टिकतात का? (सोलापूर)

पूर्वभागातला_डॉक्टर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात माझा दवाखाना आहे. एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस. पेशंट म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, घरी बिड्या वळणाऱ्या बायका आणि मिल बंद पडल्यापासून घरीच बसलेली म्हातारी मंडळी. धाप, खोकला, छातीत घरघर ही रोजची तक्रार.

मध्यंतरी एका सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या शिकवणी-सभेला, गेलो होतो. हॉटेल चांगलं, जेवण त्याहून चांगलं. दम्यासाठी 'जीना' आणि सीओपीडीसाठी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) 'गोल्ड' अशा दोन जागतिक गाइडलाइन्स आहेत, दोन्ही दरवर्षी सुधारून येतात. वक्त्यांनी स्लाइडवर स्लाइड टाकत सगळं सांगितलं. २०१९ पासून जीनाचं म्हणणं असं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या सालब्युटामॉलवर (श्वासनळ्या तात्पुरत्या मोकळ्या करणारं औषध) ठेवू नका; दमा सौम्य असला तरी श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. गोल्डचं म्हणणं असं की स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वासाची तपासणी) केल्याशिवाय सीओपीडीचा शिक्का मारू नका. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन मग फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला एकूण हवेने भागलं की गुणोत्तर ०.७० च्या खाली यायला हवं.

सगळं पटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलो तर रांग जिन्यापर्यंत, आणि पहिलाच पेशंट म्हणाला, "डॉक्टर, इंजेक्शन मारा लवकर, पाळीला जायचंय."

तर प्रश्न असा: या सूचनांतलं नेमकं काय तुम्ही रोजच्या ओपीडीत बसवलंत, आणि कसं? डॉक्टर, नर्स, केमिस्ट, पेशंट सगळ्यांनी लिहा. "पेशंट अडाणी आहेत" हे उत्तर नको. मला ते मान्य नाही.

शेंगाचटणी

सीएमईचं जेवण कुठल्या हॉटेलात होतं ते आधी सांगा. बाकीची चर्चा नंतर करू.

ज्वारीवाला_मंगळवेढा

मी पेशंटचा मुलगा म्हणून लिहितो. आईला कित्येक वर्षं खोकला आणि दम लागायचा. जो डॉक्टर भेटला त्याने पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं का?" आमच्या घरात कोणी ओढत नाही. मग "वयोमानाने होतं" म्हणून खोकल्याची बाटली. चुलीबद्दल एकानेही विचारलं नाही. आईचं सगळं आयुष्य तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात गेलं.

शेवटी बहिणीने पुण्याला नेऊन फुंकायची तपासणी करून घेतली. सीओपीडी निघाला. आता घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. गॅसवरची भाकरी तिला भाकरी वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटत नाही. त्यावर तुमच्या गाइडलाइनमध्ये काही आहे का?

छातीचा_कारभारी

@ज्वारीवाला, आहे. न ओढणाऱ्यांचा सीओपीडी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आहे आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. ही गोष्ट आता गोल्डमध्येही ठळकपणे मांडलेली असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरोघरी गेले, पण तुमच्यासारखी दोन्ही चालू असलेली घरं खूप आहेत. चूल बंद होत नसेल तर निदान बाहेर अंगणात किंवा पडवीत न्या. भाकरीची चव तीच राहील.

मी फुप्फुसरोगतज्ज्ञ आहे. फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती की बिडीसोबत आणखी चार गोष्टी विचारा: चूल, मच्छर कॉइल, कामाच्या जागेची धूळ आणि पूर्वी झालेला टीबी. एका कॉइलमधून साधारण शंभर सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात असं मोजमाप झालेलं आहे, आणि लोक खिडक्या लावून उशाशी कॉइल ठेवतात. टीबी बरा झाला तरी फुप्फुस पहिल्यासारखं होतंच असं नाही. अशा माणसाला दम लागला की सगळे परत टीबीच्याच मागे लागतात. उलटही होतं: दोन आठवड्यांवर खोकला असून बेडका न तपासता श्वासातून औषध ओढायचा पंप सुरू. दोन्ही चूक.

पिंपळाखालचा_वैद्य

मी तालुक्याच्या गावात बीएएमएस. वर सगळं छान चाललंय, पण रात्री अकरा वाजता धापेने बसलेला माणूस मोटारसायकलवरून दारात येतो तेव्हा मी त्याला गुणोत्तर सांगू का? डेक्सा (स्टेरॉइड) आणि डेरी (डेरिफायलिन) यांचं इंजेक्शन देतो, अर्ध्या तासात माणूस बोलायला लागतो. लोक त्याला आराम म्हणतात आणि मला डॉक्टर. सुई न देता पंप लिहून दिला की तोच माणूस पुढच्या वेळी समोरच्या दवाखान्यात दिसतो. शहरातल्यांनी जरा जमिनीवर या.

पूर्वभागातला_डॉक्टर

@वैद्य, तुमचा राग रास्त आहे. माझ्याही समोर दुसरा दवाखाना आहेच. पण त्या दोन औषधांना एकत्र धरू नका. तीव्र झटक्यात स्टेरॉइड द्यायलाच हवं, गाइडलाइनही तेच सांगते. सीओपीडीच्या झटक्यात तोंडाने प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ रोज, ५ दिवस. वांधा डेरीचा आहे. थिओफायलिनच्या जातीचं ते औषध. उपयोगाची मात्रा आणि त्रासाची मात्रा जवळजवळ. उलट्या, धडधड, क्वचित फिट. सीओपीडीच्या झटक्यात शिरेतून ते देऊ नका असंच गोल्ड म्हणते. त्याच्या जागी स्पेसरमधून (पंपाला जोडायचं पोकळ भांडं) सालब्युटामॉलचे पाठोपाठ काही पफ दिले तर माणूस तेवढ्याच वेळात बोलायला लागतो. नेब्युलायझर असेल तर उत्तम. नसलं तरी अडत नाही.

राहिला प्रश्न तो समोरच्या दवाखान्यात जाण्याचा. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तर धागा काढला.

यंत्रमाग_२४तास

आमचे टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, धंद्यात मराठी. आजोबा मिलमध्ये कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजाईच्या, खात्यात होते. सांगायचे की सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, मग आठवडाभर हळूहळू बरं वाटायचं. आम्हाला वाटायचं म्हातारा कामाच्या कंटाळ्याने बोलतोय. पुढे कळलं की कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं हे ठरलेलं लक्षण आहे.

मागावर धूळ पिंजाईपेक्षा कमी, पण असते. कामगाराला मास्क दिला की तो गळ्यात घालतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली, पारा ४३ च्या वर, मास्क लावून उभं राहून दाखवा कोणीतरी. झाडण्याऐवजी पुसून घेणं, झरोके उघडे ठेवणं एवढं जमतं. तेही सगळे करत नाहीत.

अवांतर: आमच्या गल्लीतून दरवर्षी मृगाला दम्याचे लोक हैदराबादला जायचे, जिवंत मासा गिळायला. माझ्या आत्यानेही गिळलाय. आत्या शाकाहारी नव्हती म्हणून बरं, शाकाहारी लोकांना गुळातून देतात.

शेंगाचटणी

मासा कुठल्या कंपनीचा होता? स्पेसरमधून घ्यायचा की तसाच?

यंत्रमाग_२४तास

@शेंगाचटणी, काय करलालाव बे, कामधंदा नाही का? आत्याला फरक काही पडला नाही. पण बसमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायका बरोबर असायच्या, तेवढं मात्र तिला फार आवडायचं.

मास्तर_निवृत्त

मी स्वतः सीओपीडीचा पेशंट. शाळेत होतो, बिडी ओढायचो, लपवत नाही. माझा अनुभव एका मुद्द्यापुरता सांगतो.

माझ्या हातात पंप आला तेव्हा डॉक्टरांनी पेनाने कागदावर नाव लिहिलं आणि "दोनदा घ्या" म्हणाले. दुकानदाराने पिशवीत टाकला. कसा घ्यायचा ते कोणीच दाखवलं नाही. मी तोंडात धरून दाबायचो आणि लगेच श्वास सोडायचो. औषध निम्मं टाळूवर, निम्मं हवेत. गुण येईना, मग पंपच वाईट असं ठरवून गोळ्यांवर आलो. हात थरथरायचे. पुढे दुसऱ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने पाच मिनिटं बसवून शिकवलं: हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू आत ओढत दाबा, दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. स्टेरॉइडचा असेल तर शेवटी गुळणी. वर्गात पाढे शिकवणारा माणूस मी, मला ही उजळणी आधी कोणी दिली नाही याचं वाईट वाटतं.

"पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते" असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिग्रॅची. पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० पफांएवढं औषध, आणि ते सगळ्या शरीरात फिरणार. कडक औषध कुठलं ते तुम्हीच ठरवा.

सिस्टर_अक्कलकोट

मास्तर, अगदी! मी सरकारी नोकरीत आहे, त्यामुळे जागेचं सांगत नाही. एक आजोबा महिनाभर रोटाकॅप (यंत्रात घालून श्वासातून ओढायची औषधाची कॅप्सूल) पाण्याबरोबर गिळत होते. कॅप्सूल दिली, गिळली. त्यांचं काय चुकलं? यंत्र कपाटात देवाजवळ ठेवलेलं. तेव्हापासून मी नियम केला: रिकामं यंत्र हातात देऊन "घेऊन दाखवा" म्हणायचं. "घेता ना बरोबर?" असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. आणि रोटाकॅपला श्वास जोरात ओढायचा, पंपाला हळू. दोन्ही यंत्रं एकाच पेशंटला दिली की गोंधळ ठरलेला.

स्पेसर परवडत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: पाण्याची ५०० मिलीची प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडाला गरम तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक करा, पंप घट्ट बसवा, फट राहिली तर चिकटवून टाका. बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. हा आमचा गावठी जुगाड नाही. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याचा नीट अभ्यास झाला, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि विकतच्या स्पेसरइतकाच गुण दिसला. धुताना साबणाच्या पाण्यातून काढून तशीच वाळू द्यायची, फडक्याने पुसायची नाही. पुसली की प्लॅस्टिकला औषध चिकटतं.

संशयात्मा

सगळे इनहेलरची जाहिरात केल्यासारखं लिहिताय. या गाइडलाइन्स लिहिणाऱ्यांचे कंपन्यांशी संबंध असतात हे उघड आहे. सीएमईचं जेवण कोणी दिलं ते धागाकर्त्याने अजून सांगितलेलं नाही.

शेंगाचटणी

पहिला प्रश्न माझा होता, क्रेडिट द्या.

छातीचा_कारभारी

@संशयात्मा, संशय घ्यावाच. समितीतल्या लोकांचे हितसंबंध जाहीर केलेले असतात, ते वाचावेत. जीनाचा खर्च त्यांच्या अहवालांच्या विक्रीतून आणि परवान्यांतून चालतो असं ते लिहितात. पण माझ्या दृष्टीने याहून सोपी कसोटी आहे: सूचना महागड्या औषधाकडे ढकलते की स्वस्त औषधाकडे? बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही जोडी आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे किमतीवर सरकारचा लगाम आहे. जीनाची पहिली पसंती तीच: धाप लागली की तीच, रोजचीही तीच. दोन पंप सांभाळायला नकोत.

औषधवाला_नवीपेठ

मी मेडिकलवाला. आमच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. चिठ्ठी न आणता निळा, म्हणजे सालब्युटामॉलचा, पंप मागणारे रोज येतात. नाही म्हटलं तर शेजारचा देतो. जोडीचा पंप लिहून दिला तरी गिऱ्हाईक म्हणतं, "महाग आहे, निळाच द्या." महाग आहे हे खरंच, जेनेरिक घेतला तरी निळ्यापेक्षा जास्तच पडतो. जनऔषधीत स्वस्त मिळतो, मी स्वतः पाठवतो. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याला एकदम महिन्याचं औषध घ्या म्हणणं सोपं नाही. आमच्याकडे लोक अर्धी पट्टी मागतात. पंप अर्धा कसा द्यायचा?

पूर्वभागातला_डॉक्टर

@औषधवाला, तुमच्या प्रतिसादाने एक गोष्ट सुचली. जीनात एक वाक्य आहे: २०० पफांचे सालब्युटामॉलचे ३ किंवा जास्त पंप वर्षाला लागत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो, आणि १२ किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक लागत असेल, तर मृत्यूचा. हा आकडा माझ्याकडे कधीच येत नाही. पेशंट मला पंपाबद्दल सांगतच नाही, तो परस्पर तुमच्याकडे येतो. हिशेब तुमच्या वहीत आहे. तुम्ही तिसऱ्या पंपाला "एकदा डॉक्टरकडे जाऊन या" एवढं म्हणालात तर कुठल्याही सीएमईपेक्षा जास्त काम होईल.

औषधवाला_नवीपेठ

म्हणू. पण मग तुम्हीही फी घेऊन परत तेच लिहू नका.

पिंपळाखालचा_वैद्य

+१ औषधवाल्यांना.

आणि स्पायरोमेट्रीचं काय झालं? माझ्याकडून पेशंट सोलापूरला पाठवायचा म्हणजे एसटीचं भाडं, तपासणीचे पैसे, एक रोज बुडाला, आणि सोबत आलेल्याचा दुसरा. बिडी वळणाऱ्या बाईला हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते. हात थांबला की मजुरी थांबली. "फुंकून या" म्हणायला माझं काय जातं?

पूर्वभागातला_डॉक्टर

इथे मी गाइडलाइनपेक्षा थोडा खाली उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्राथमिक पातळीसाठी 'पेन' नावाचं पॅकेज आहे. त्यात स्पायरोमीटर नसलेल्या ठिकाणी पीक फ्लो मीटर वापरायला सांगितलंय. नळीसारखं साधं यंत्र, वीज लागत नाही. एकदा फुंकून घ्यायचं, सालब्युटामॉलचे दोन पफ द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा २० टक्के वाढला तर दमा असण्याची शक्यता दाट. पेशंट तेवढा वेळ बाहेर बाकावर बसतो, माझी रांग थांबत नाही.

छातीचा_कारभारी

थांबा. हे दम्यापुरतं ठीक. पीक फ्लोवर सीओपीडीचं निदान होत नाही, आणि आकडा वाढला नाही म्हणजे दमा नाही असंही नाही. उद्या कोणी हा धागा वाचून सगळ्या म्हाताऱ्यांना नळी फुंकायला लावेल आणि हृदयाचा आजार निसटेल. पाय सुजलेत का, आडवं झाल्यावर दम वाढतो का, हे विचारल्याशिवाय नळीला हात लावू नका. तुमच्या भागात पंडुरोगाने (रक्त कमी असल्याने) दम लागणाऱ्या बायका किती असतील, हिमोग्लोबिन बघितलंत का?

पूर्वभागातला_डॉक्टर

हिमोग्लोबिन बघतो. बाकी सगळं मान्य, पण तुम्ही 'नळी किंवा स्पायरोमेट्री' असं म्हणताय आणि माझ्यापुढची निवड 'नळी किंवा काहीच नाही' अशी आहे. नळीने मी कोणाला पाठवायचं ते ठरवतो. पूर्वी सगळ्यांना पाठवायचो आणि कोणीच जायचं नाही. आता ज्यांना खरी गरज आहे अशा थोड्यांना पाठवतो, त्यांना सुट्टीचा वार गाठून देतो, आणि ते जातात.

छातीचा_कारभारी

"पाठवायचं कोणाला ते ठरवायला" असेल तर माझी हरकत मागे. पण मग हे तुमच्या भिंतीवर तसंच लिहून ठेवा.

ज्वारीवाला_मंगळवेढा

भांडण संपलं असेल तर एक विचारू? आईला आता जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले आराम करा, बहीण म्हणते चालवा. कोणाचं ऐकू?

सिस्टर_अक्कलकोट

बहिणीचं. सीओपीडीत बसून राहिलं की पायाचे स्नायू जातात आणि थोड्या कामाला जास्त दम लागतो. सपाटीवर, रोज, दम लागला की थांबून परत. ओठ शीळ घातल्यासारखे करून हळू श्वास सोडायला शिकवा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली का तेही डॉक्टरांना विचारा. आराम फक्त झटका आला असेल तेव्हा.

मास्तर_निवृत्त

मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र जात नाही, धूळ आणि गर्दी. त्या दिवसांत गच्चीवर.

संशयात्मा

मूळ प्रश्न काय होता?

पूर्वभागातला_डॉक्टर

@संशयात्मा, आठवण दिलीत ते बरं केलंत. धाग्यातून उचलून अर्धं पान केलंय, टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे. पूर्ण गाइडलाइन काचेखाली मावत नाही.

खोकला दोन आठवड्यांवर असेल तर आधी बेडका. बिडी, चूल, कॉइल, माग, जुना टीबी विचारायचा. पाय आणि हिमोग्लोबिन बघायचं. "बरोबरीच्या माणसासोबत सपाट रस्त्यावर चालताना मागे पडता का?" हा प्रश्न प्रत्येकाला, कारण "दम लागतो का" विचारलं की "नाही, मी हळू चालतो" असं उत्तर येतं. नळी फुंकून पाठवायचं कोणाला ते ठरवायचं. दमा वाटला तर एकटा निळा पंप नाही. यंत्र घेऊन दाखवायला लावायचं, हे काम माझं नाही, आमच्या कंपाउंडर मावशींचं. त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात आणि तेलुगूत शिकवतात. बिडी सोडायचा विषय दर भेटीला एका वाक्यात, भाषण नाही. इंजेक्शन मागणाऱ्याला झटका असेल तर तिथेच स्पेसरमधून पफ देऊन बसवायचं. बरं वाटलेलं त्याला स्वतःला कळलं की सुईचा आग्रह निम्म्याने कमी होतो. सगळ्यांचा होत नाही.

यातलं काय चुकतंय ते सांगा.

पिंपळाखालचा_वैद्य

चुकत नाही, पण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र राहिलं. कोविडनंतर आमच्याकडेही आहे. बसून ९० च्या खाली दिसला की मी धाडस करत नाही, गाडी बोलावतो.

छातीचा_कारभारी

बरोबर. सीओपीडीच्या पेशंटला गाडीत भरमसाट ऑक्सिजन सोडू नका, ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवा. हेही लिहा.

यंत्रमाग_२४तास

तेलुगू भाषांतर मी करून देतो. कारखान्यात लावायचं असेल तर अक्षर मोठं ठेवा, मुकादमाला चष्मा लागतो.

सिस्टर_अक्कलकोट

आमच्याकडे कन्नड लागेल. कोणी आहे का?

शेंगाचटणी

माझी बायको इंडीची आहे. विचारून सांगतो. जेवणाचं मात्र अजून कळलेलं नाही.